वेदनाशामक गोळ्या, भूल आणि एका दिवसाची शस्त्रक्रिया

(न्यासाच्या सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेत एका भूलतज्ज्ञाने दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



 भूलतज्ज्ञाला व्याख्यानासाठी बोलावण्याची प्रथा आपल्याकडे फारशी नाही. ऑपरेशन कोणी केले हे रुग्णाला जन्मभर आठवते. भूल कोणी दिली हे त्याच दिवशी संध्याकाळीही आठवत नाही. आमची त्याबद्दल तक्रार नाही, कारण रुग्णाला काही आठवू नये हेच आमचे काम आहे! परंतु आजचा विषय असा आहे की त्यात रुग्णाने आम्हाला आठवणीने काही सांगावे लागते, आणि ते सांगितले नाही तर आमचे सारे ज्ञान तोकडे पडते.

विषय थोडक्यात असा. कंबरदुखी, सांधेदुखी, मज्जातंतूंचे विकार, कर्करोग अशा कारणांनी अनेक मंडळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून तीव्र वेदनाशामक औषधे महिनोन् महिने घेत असतात. अशा व्यक्तीवर सकाळी दाखल होऊन संध्याकाळी घरी परतण्याची, म्हणजे डे केअर पद्धतीची शस्त्रक्रिया करावयाची असेल, तर रुग्णाने, कुटुंबीयांनी आणि आम्ही डॉक्टरांनी कोणती काळजी घ्यावी?

आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल की पूर्वी हर्नियाचे ऑपरेशन म्हणजे आठवडाभर रुग्णालयात मुक्काम असे. घरून डबा येई, पाहुणे भेटीला येत, आणि रात्री परिचारिका दर काही तासांनी नाडी पाहून जाई. आज हर्निया, मूळव्याध, पित्ताशय, गुडघ्यातील दुर्बिणीची शस्त्रक्रिया, अशा कितीतरी शस्त्रक्रियांनंतर निवडक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. खर्च वाचतो, जंतुसंसर्गाचा धोका कमी होतो, आपल्या घरचे शुद्ध अन्न मिळते. या सोयीची दुसरी बाजू अशी की ऑपरेशननंतरची पहिली रात्र आता घरात जाते. ती रात्र परिचारिकेऐवजी पत्नीने, मुलाने किंवा सुनेने सांभाळायची असते. म्हणूनच हा विषय केवळ डॉक्टरांच्या परिषदेत न मांडता आपल्यासमोर मांडावा, असे मला वाटले.

एक अनुभव सांगतो. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. माझी चूक मात्र जशी घडली तशीच सांगणार आहे.

काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात अठ्ठावन्न वर्षांचे एक व्यापारी गृहस्थ हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आले. संध्याकाळी घरी जायचे ठरले होते. तपासणीच्या वेळी मी विचारले, "काका, रोजची काही औषधे?" ते म्हणाले, "रक्तदाबाची एक गोळी, बाकी काही नाही." "काही व्यसन?" "छे, छे! सुपारीसुद्धा नाही." मी तसे लिहून घेतले. ऑपरेशनच्या सकाळी त्यांना घाम येत होता, सारख्या जांभया येत होत्या, नाक गळत होते, नाडी जलद होती. मला वाटले, भीती आणि थोडी सर्दी असेल. भूल दिली, ऑपरेशन निर्विघ्न पार पडले.

शुद्धीवर येताच ते अक्षरशः तळमळू लागले. इतर रुग्णांना पुरते तेवढे औषध दिले. काही उपयोग झाला नाही. पुन्हा दिले, तरी तेच. अंगावर काटा, हातापायांची विलक्षण चुळबुळ, डोळ्यांत पाणी. आणि त्या वेळी, मला आजही सांगताना लाज वाटते, मी मनातल्या मनात म्हणालो की हे गृहस्थ दुखण्याचा बाऊ करीत आहेत. परिचारिकेलाही मी तसेच सुचवले. अर्धा-पाऊण तास असाच गेला. शेवटी त्यांच्या पत्नी आत आल्या आणि त्यांनी पिशवीतून गोळ्यांची एक पट्टी काढून माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, हे कमरेसाठी ह्या गोळ्या घेतात. दोन वर्षं झाली. दिवसाला चार, कधी पाच, सहा. ऑपरेशन आहे म्हणून परवापासून बंद केल्यात."

ती ट्रॅमाडॉल आणि पॅरासिटामॉल यांची एकत्रित गोळी होती. सारा उलगडा त्या एका पट्टीने झाला. त्यांचे शरीर दोन वर्षे त्या औषधाला सरावलेले होते. ते एकाएकी बंद झाल्याने सकाळच्या जांभया, घाम आणि गळणारे नाक ही त्या बंद होण्याचीच लक्षणे होती. मी त्यांना भीती समजलो. नंतरची वेदना दुहेरी होती : जखमेची, आणि दोन दिवस औषधाविना राहिलेल्या कमरेची. मग आम्ही उपाययोजना बदलली, जखमेभोवती बधिर करणारे औषध टोचले, नेहमीचे औषध पुन्हा सुरू केले. त्यांना त्या दिवशी घरी न सोडता रात्रभर देखरेखीखाली ठेवले. सकाळी ते हसतमुखाने घरी गेले.

त्यांनी माझ्यापासून काही लपवले होते काय? मी नंतर त्यांना विचारले. ते म्हणाले, "तुम्ही औषध विचारलंत. ही काय औषधं? ही तर दुखण्याची गोळी." आणि बंद का केल्या? सर्जननी सांगितले होते की रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधी विचारून बंद करावी लागते. मुलाने त्याचा अर्थ 'सगळ्या गोळ्या बंद' असा घेतला. ना कोणी खोटे बोलले, ना कोणाचा हेतू वाईट होता. प्रश्न विचारणाऱ्याचा 'औषध' हा शब्द आणि उत्तर देणाऱ्याचा 'औषध' हा शब्द यांत अंतर पडले, आणि त्या अंतराची किंमत एका सज्जन माणसाने भोगली. त्या दिवसापासून मी 'रोजची औषधे' एवढे विचारून थांबत नाही. "दुखण्यासाठी, खोकल्यासाठी, झोपेसाठी, कधीमधी का होईना, काय घेता?" असे स्वतंत्रपणे विचारतो.

आता ही औषधे कोणती, ते पाहू. खसखशीच्या झाडाच्या बोंडातून अफू मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील सेर्ट्युर्नर या औषधनिर्मात्याने अफूपासून मॉर्फीन वेगळे केले. त्यानंतर त्याच कुळातील किंवा तशाच पद्धतीने काम करणारी अनेक औषधे आली. या साऱ्यांना मिळून ओपिऑइड म्हणतात. आपल्याकडे घरोघरी आढळणारी म्हणजे ट्रॅमाडॉल आणि टॅपेंटाडॉलच्या गोळ्या, कोडीन असलेली खोकल्याची काही औषधे. कर्करोगाच्या रुग्णांकडे मॉर्फीनच्या गोळ्या. आणि त्वचेवर चिकटवायच्या फेंटॅनिल किंवा ब्युप्रेनॉर्फिनच्या पट्ट्या. पट्टीला तर लोक औषध मानतच नाहीत, कारण ती गिळावी लागत नाही!

या औषधांविषयी समाजात दोन टोके दिसतात. एकीकडे ट्रॅमाडॉलसारखी गोळी साधी समजून जुन्या चिठ्ठीवर वर्षानुवर्षे आणली जाई. २०१८ साली केंद्र सरकारने ट्रॅमाडॉलला अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आणले, त्याचे कारण हेच की तिचा गैरवापर वाढला होता. दुसरीकडे मॉर्फीनचे नाव काढले तरी लोक दचकतात. आपला देश कायदेशीर अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक. शेजारच्या मध्य प्रदेशात मंदसौर-नीमच भागात सरकारी परवान्याने तिची शेती होते. तरीही १९८५ च्या कडक कायद्यानंतर रुग्णालयांतून मॉर्फीन जवळजवळ दिसेनासे झाले आणि कर्करोगाचे असंख्य रुग्ण वेदनेत राहिले. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन वैद्यकीय वापराची वाट काहीशी सुकर झाली. लोकांच्या मनातील भीती मात्र अद्याप गेलेली नाही. त्या भीतीपोटीच रुग्ण बोलत नाही. "मी अफूची गोळी घेतो असे सांगितले तर डॉक्टर मला व्यसनी समजतील," ही शंका त्याला गप्प बसवते.

म्हणून तीन गोष्टींतील भेद आपण नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट, सराव. रेल्वेच्या रुळांलगत राहणाऱ्या माणसाची रात्रीच्या गाडीने झोपमोड होत नाही. पाहुणा मात्र दचकून उठतो. त्याचप्रमाणे रोज औषध घेणाऱ्याच्या शरीरावर तीच मात्रा हळूहळू कमी परिणाम करते. दुसरी गोष्ट, शारीरिक अवलंबन. रोज दोनदा चहा घेणाऱ्याचे डोके उपवासाच्या पहिल्या दुपारी दुखू लागते, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले असेल. म्हणून त्याला कोणी व्यसनी म्हणत नाही. औषध अचानक थांबल्यावर घाम, जांभया, पोटात मुरडा, अस्वस्थता ही लक्षणे याच जातीची, फक्त अधिक तीव्र. तिसरी गोष्ट, व्यसन. औषध वेदनेसाठी न घेता त्याच्या ओढीने घेणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, हा एक वेगळा आजार आहे आणि त्यावरही उपचार आहेत. नियमित औषध घेणाऱ्या कोणालाही पहिल्या दोन गोष्टी होऊ शकतात. त्यांत लाजण्यासारखे काहीही नाही. आणि तिसरी असली, तरीही आम्हाला सांगा. भूलतज्ज्ञ त्या माहितीचा उपयोग केवळ रुग्णाचे रक्षण करण्यासाठी करतो.

आता असा रुग्ण ऑपरेशनच्या टेबलावर आल्यावर नेमके काय बदलते? आमची अडचण दोन्ही बाजूंनी असते. वेदना शमवण्यासाठी त्याला इतरांपेक्षा अधिक औषध लागते. दीर्घकाळ ही औषधे घेणाऱ्या काहींमध्ये तर मज्जासंस्था वेदनेबाबत अधिकच हळवी होते. म्हणून सोपा उपाय वाटतो की मात्रा वाढवा. परंतु हीच औषधे मेंदूतील श्वसनकेंद्राला मंद करतात, आणि वेदनेला जेवढा सराव होतो तेवढाच श्वसनाला होईल याची शाश्वती नसते. वेदना कमी करता करता श्वास कमी होण्याची भीती असते. ऑपरेशन होईपर्यंत आणि शुद्धीवर येईपर्यंत आम्ही शेजारी असतो. घरी गेल्यावर रात्री दोन वाजता कोणीही नसते.

सरावाला मापही आहे. दिवसाला ६० मिलिग्रॅम तोंडाने घ्यायचे मॉर्फीन, किंवा त्या तोडीचे दुसरे औषध, आठवडाभर वा अधिक काळ घेणाऱ्याला सरावलेला रुग्ण मानण्याचा संकेत आहे. रुग्ण त्या मर्यादेच्या खाली आहे की वर, यावर आमचे गणित अवलंबून असते. म्हणून "दुखण्याची गोळी घेतो" एवढे पुरत नाही. नाव, मिलिग्रॅम आणि दिवसातून किती वेळा, हे तिन्ही हवे. आणखी एक महत्त्वाची बाब : सराव जसा येतो तसा जातोही. कोणी अठ्ठाईच्या काळात आठ दिवस औषध बंद ठेवले आणि पारण्यानंतर पूर्वीच्याच मोठ्या मात्रेने सुरू केले, तर तीच जुनी मात्रा घातक ठरू शकते. बंद करणे आणि पुन्हा सुरू करणे, दोन्ही डॉक्टरांना विचारूनच करावे.

माहिती नसली तर आमच्या हातून कसा अपाय होऊ शकतो, याचे एकच उदाहरण देतो. पेंटाझोसिन नावाचे वेदनाशामक इंजेक्शन आपल्याकडे वर्षानुवर्षे सर्रास वापरले जाते. सामान्य रुग्णाला ते चालते. पण जो नियमित मॉर्फीन घेतो त्याला ते दिले, तर ते मॉर्फीनला त्याच्या जागेवरून हुसकावून लावते आणि रुग्णाला वेदनेऐवजी एकाएकी बंद होण्याची सारी लक्षणे भोगावी लागतात. डॉक्टरने चांगल्या हेतूने दिलेले औषध असे उलटते, ते केवळ एक वाक्य न बोलले गेल्यामुळे.

आता रुग्णाने काय करावे ते क्रमाने सांगतो.

ऑपरेशन ठरताच, निदान आठवडाभर आधी, भूलतज्ज्ञांची भेट मागून घ्या. डे केअर शस्त्रक्रियेत ही भेट बहुधा त्याच सकाळी होते. ती सकाळ योजना आखण्यासाठी फार उशिराची असते. येताना घरातील सगळ्या औषधांच्या पट्ट्या, बाटल्या आणि चिठ्ठ्या एका पिशवीत भरून आणा. कोणते महत्त्वाचे आणि कोणते नाही, हे आम्ही ठरवू. झोपेची गोळी, नैराश्यावरची गोळी, मज्जातंतूंसाठीची गोळी यांचा उल्लेख विशेष करून करा. झोपेच्या काही गोळ्या आणि ओपिऑइड एकत्र आले की श्वसनावरील धोका फार वाढतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली या दोहोंच्या माहितीपत्रकांत तसा सर्वांत कडक इशारा छापणे सक्तीचे केले. ट्रॅमाडॉल आणि नैराश्यावरील काही औषधे यांचेही पटत नाही. रात्री मोठ्याने घोरत असाल, घोरता घोरता श्वास अडकतो असे घरच्यांनी पाहिले असेल, तर तेही सांगा. ही गोष्ट पत्नीच सांगू शकते, म्हणून तिला सोबत आणा.

दुसरे, आपले नियमित ओपिऑइड औषध स्वतःच्या मनाने बंद करू नका. सर्वसाधारण नियम असा की रोजची मात्रा ऑपरेशनच्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यावी. त्वचेवरची पट्टी तशीच ठेवावी आणि ती कोठे लावली आहे हे आम्हाला दाखवावे. कारण फेंटॅनिलच्या पट्टीवर गरम पिशवी किंवा ऊबदार पांघरूण आले तर औषध त्वचेतून वेगाने शरीरात जाते. ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्यांना पूर्वी ते ऑपरेशनआधी थांबवायला सांगत. आता बहुतेक वेळा ते चालू ठेवण्याकडे तज्ज्ञांचा कल आहे. याउलट नाल्ट्रेक्सोन नावाचे औषध, जे दारू सोडण्यासाठीही देतात, ते ओपिऑइडचा मार्गच अडवते. ते किती दिवस आधी थांबवायचे हे डॉक्टरांनीच ठरवावे लागते. तात्पर्य, प्रत्येक औषधाचा नियम वेगळा आहे, म्हणून विचारल्यावाचून काही करू नये.

तिसरी गोष्ट आपल्या समाजाला विशेष लागू आहे. ऑपरेशनपूर्वी हलका आहार सहा तास आणि पाणी दोन तास आधी थांबवतात. तळलेले किंवा जड जेवण असेल तर आठ तास. म्हणजे पहाटे पाणी चालते. परंतु आपल्यापैकी अनेकांचा चौविहार असतो आणि सकाळी नवकारशी असते, म्हणजे सूर्योदयानंतर अठ्ठेचाळीस मिनिटे पाणीही वर्ज्य. सकाळी आठचे ऑपरेशन असेल तर सहाची गोळी घेतलीच जात नाही. रुग्ण मनोभावे नियम पाळतो आणि आम्हाला सांगत नाही. आदल्या सूर्यास्तापासून पाणी आणि औषध दोन्ही न घेतलेले शरीर मग आमच्यासमोर येते, आणि आम्हाला त्याचा पत्ताही नसतो. माझी विनंती एवढीच की नियम आहे हे आधी सांगा. ऑपरेशनची वेळ दुपारची ठेवता येते, दीर्घकाळ टिकणारी मात्रा सूर्यास्तापूर्वी देता येते, रुग्णालयात शिरेतून द्रव आणि औषध देता येते. कोणत्या प्रसंगी नियमात सूट घ्यायची हे आपण आणि आपले गुरुमहाराज ठरवाल. त्यात मी पडणार नाही. तसेच काही औषधे जिलेटिनच्या कॅप्सूलमध्ये येतात. जिलेटिन प्राण्यांपासून मिळते हे कळल्यावर काही श्राविका ती कॅप्सूल गुपचूप बाजूला ठेवतात. ट्रॅमाडॉल गोळीच्या रूपातही मिळते. विचाराल तर पर्याय देता येईल. गुपचूप न घेतलेले औषध मात्र आमच्या हिशेबात घेतलेलेच राहते.

आम्ही आमच्या बाजूने काय करतो, तेही सांगायला हवे. एकाच औषधाची मात्रा वाढवत न नेता वेदनेला अनेक बाजूंनी अडवणे, हे आजच्या भूलशास्त्राचे सूत्र आहे. पॅरासिटामॉल, चालत असेल तर सूज कमी करणारी औषधे, अल्प मात्रेत केटामीन, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जखमेची जागा किंवा त्या भागाची नस बधिर करणे. सोनोग्राफीच्या साहाय्याने नस नेमकी शोधून औषध सोडता येते. हात, खांदा, गुडघा यांच्या शस्त्रक्रियेत यामुळे कित्येक तास वेदना जाणवत नाही आणि ओपिऑइडची गरज पुष्कळ घटते. एक सावधगिरी मात्र हवी. हा बधिरपणा बहुधा रात्री उतरतो आणि वेदना एकदम उसळते. म्हणून दुखत नाही असे वाटत असतानाच, सांगितलेल्या वेळी गोळ्या सुरू कराव्या लागतात.

कधीकधी आम्ही म्हणतो, "या रुग्णाला आज घरी सोडणार नाही." मात्रा फार मोठी आहे, झोपेत श्वास अडकण्याचा विकार आहे, ऑपरेशन अतिशय वेदनादायक आहे, किंवा घरी रात्रभर जागे राहणारे कोणी नाही, अशी कारणे असतात. त्या वेळी कृपया "डे केअर सांगितले होते, आता बिल वाढवता" असा समज करून घेऊ नका.

सर्व जुळून आले तर किती सुरळीत होते, याचेही उदाहरण देतो. कर्करोगाच्या एका भगिनी केमोथेरपीसाठी छातीत त्वचेखाली पोर्ट नावाचे छोटे उपकरण बसवून घेण्यासाठी आल्या. त्यांच्या मुलीने एक साधी वही आणली होती. फेंटॅनिलची पट्टी कोणत्या दिवशी, किती वाजता, कोठे लावली. मध्येच दुखले तर मॉर्फीनची गोळी किती वेळा घेतली. झोप कशी लागली. सारे तारीखवार लिहिलेले. आम्ही पट्टी तशीच ठेवली, जागा बधिर केली, अगदी हलकी गुंगी दिली. संध्याकाळी त्या चालत गाडीत बसल्या आणि सूर्यास्तापूर्वी घरी जेवल्या. दुसऱ्या सकाळी मुलीचा फोन आला : "आई रात्री नीट झोपली, आणि मी नीट जागी राहिले." हे समाधान त्या वहीमुळे मिळाले, असे मी मानतो.

आता घरी गेल्यानंतरच्या पहिल्या चोवीस तासांसाठी काही सूचना. घरातील एकाने त्या लिहून घ्याव्यात.

१. एक जबाबदार व्यक्ती रुग्णाच्या खोलीतच असावी. त्या दिवशी रुग्णाने वाहन चालवू नये, कागदपत्रांवर सह्या करू नयेत.

२. औषधे रुग्णाने स्वतः न घेता त्या व्यक्तीने घड्याळ पाहून द्यावीत आणि लिहून ठेवावीत. दुखण्याची जुनी गोळी आणि रुग्णालयाने दिलेली नवी गोळी यांत तेच औषध दोनदा नाही ना, हे सुटी होण्यापूर्वी विचारून घ्यावे. ट्रॅमाडॉलच्या एकत्रित गोळीत बहुधा ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. वेगळी पॅरासिटामॉलही चालू असेल तर दिवसाची बेरीज ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये. वृद्ध, कृश आणि यकृताच्या रुग्णांत ही मर्यादा आणखी कमी असते.

३. त्या रात्री झोपेची गोळी, मद्य किंवा खोकल्याचे गुंगी आणणारे औषध विचारल्याशिवाय देऊ नये.

४. रुग्ण गाढ झोपला म्हणून निर्धास्त होऊ नये. रात्रीतून काही वेळा हाक मारून पाहावी. निरोगी माणूस मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास घेतो. श्वास दहापेक्षा कमी झाले, घरघर वाढली, हाक मारून, हलवूनही नीट जाग येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट पाहू नये. कुशीवर वळवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. नॅलॉक्सोन नावाचा उतारा उपलब्ध आहे. तो मिनिटांत काम करतो, पण त्याचा परिणाम मूळ औषधाआधी संपू शकतो, म्हणून रुग्णालयातील देखरेख चुकत नाही.

५. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला, नातेवाइकाला देऊ नयेत. आपल्याला दानाची सवय आहे, परंतु हे दान करू नये. एकाला साधी असलेली मात्रा न सरावलेल्या दुसऱ्याचा श्वास थांबवू शकते. वापरलेल्या पट्टीतही औषध शिल्लक असते. ती चिकट बाजू आत घेऊन दुमडावी आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये.

बंधु-भगिनींनो, १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे मॉर्टन यांनी ईथरची भूल देऊन दाखवली, तो दिवस जगभर भूलदिन म्हणून पाळला जातो. तेव्हापासून आमच्या शास्त्राने यंत्रे आणली, औषधे आणली. श्वास, नाडी, प्राणवायू सारे आता पडद्यावर दिसते. रुग्ण घरी काय गिळतो हे दाखवणारा पडदा मात्र अजून निघालेला नाही. ते त्याने किंवा त्याच्या माणसांनीच सांगायचे असते.

आपल्या संस्थेची मंडळी गरजूंना रुग्णालयात नेतात, सोबत बसतात, अर्ज भरून देतात. त्यांना माझी एक विनंती आहे. अर्जातील 'रोजची औषधे' या रकान्यापाशी क्षणभर थांबा आणि रुग्णाला आपल्या भाषेत विचारा, "काका, दुखण्यासाठी काय घेता?" मी त्या दिवशी हा प्रश्न विचारला नाही. त्या गृहस्थांनी मला कधी दोष दिला नाही, उलट पुढल्या दिवाळीला ते मिठाई घेऊन आले आणि म्हणाले, "डॉक्टर, आता कमरेचा व्यायाम करतो, गोळ्या हळूहळू कमी करून दोनवर आणल्यात, आमच्या डॉक्टरांना विचारूनच." त्यांनी मला केव्हाच क्षमा केली होती. पण तो अर्धा-पाऊण तास त्यांनी विनाकारण सोसला, आणि तो मी विसरलेलो नाही. तो दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी आज आपला वेळ घेतला.